शाळेतलं जेवण: कमाई बघून की सरसकट सगळ्यांना?

टेक्सासकर: अमेरिकेत शाळा सुरू झाली की मोफत जेवणाचा अर्ज घरी येतो. घरात माणसं किती, करापूर्वीची कमाई किती, ते भरायचं. 2025-26 साठी चौघांच्या कुटुंबाची वार्षिक कमाई 41,795 डॉलरपर्यंत असेल तर जेवण फुकट. 59,478 पर्यंत असेल तर सवलतीत, म्हणजे जास्तीत जास्त 40 सेंट. त्यापुढे पूर्ण पैसे. अलास्का-हवाई सोडून सगळ्या राज्यांना हाच आकडा. मिसिसिपीतल्या खेड्यात आणि सॅन होजेसारख्या महागड्या शहरात घरभाडं एकच आहे का? कोविडच्या काळात, जून 2022 पर्यंत, देशभरातल्या शाळांना कमाई न विचारता मुलांना जेवू घालायची मुभा होती. कॅलिफोर्निया, मेन, मिनेसोटा यांनी पुढे ते कायमच केलं. माझं स्पष्ट मत: कमाईची अट काढून टाका.

हिशेबनीस: अजिबात पटत नाही. आमच्या घरात आयटीचे दोन पगार येतात. माझ्या मुलीच्या ताटाचे पैसे सरकारने का भरायचे? तेच पैसे वापरून मर्यादा वाढवा, म्हणजे साठ-सत्तर हजारवाल्यांना आधार होईल. शिवाय तो अर्ज फक्त जेवणापुरता नसतो. परीक्षा शुल्कातली सूट, शाळेला मिळणारा जादा निधी, बरंच काही त्यावर ठरतं. कॅलिफोर्नियात 2022-23 पासून सगळ्यांना जेवण फुकट आहे, तरी शाळा पालकांच्या मागे लागून कमाईचे फॉर्म भरून घेतात, कारण राज्याचा निधी त्या आकड्यांवर ठरतो.

कॅफेटेरियावाली: मी शाळेच्या कॅफेटेरियात काम करते. कोण फुकट जेवतो ते उघड होऊ द्यायचं नाही असा कायदा आहे, म्हणून रांगेच्या शेवटी सगळीच मुलं आपापल्या जेवणाच्या खात्याचा पिन टाकतात. पण आधी ज्या राज्यात होते तिथे खात्यात उधारी दिसली की मुलाच्या हातातला गरम ट्रे काढून घ्यायचा आणि थंड चीज सँडविच द्यायचं असा नियम होता. काढून घेतलेलं जेवण दुसऱ्याला वाढता येत नाही, ते कचऱ्यातच जायचं. मागे उभी असलेली मुलं सगळं बघत असायची. आणि ही उधारीवाली बहुतेक अगदी गरीब घरची नसायची. ज्यांना फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नासाठीची सरकारी मदत, मिळते त्यांची नावं मोफत जेवणाच्या यादीत अर्जाशिवाय आपोआप लागतात. अडकतात ते तासावर काम करणारे. अर्ज भरताना नेमका ओव्हरटाइमचा महिना असला की आकडा फुगतो. न्यू मेक्सिकोने 2017 मध्ये असं सँडविच देणं कायद्याने बंद केलं, फार बरं केलं.

हिशेबनीस: ट्रे काढून घेणं अमानुषच, त्यावर वाद नाही. पण त्यावर उपाय उधारीचा नियम बदलणं हा आहे.

सातारचे मास्तर: आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहाराला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 28 नोव्हेंबर 2001 चा आदेश शिजवलेल्या अन्नाचा आहे, त्यात पालकांच्या उत्पन्नाची अट नाही. सरपंचाचा मुलगा आणि ऊसतोडणीवाल्याची मुलगी एकाच पंगतीत खिचडी खातात. उलट आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या 25 टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल गटाला लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो, तेव्हा रोजंदारीवरचे पालक काम बुडवून चकरा मारतात. आणि ज्याला खरी गरज आहे तोच कागदात मागे पडतो.

हिशेबनीस: मास्तर, तुमच्याकडेही सरसकट कुठे आहे? विनाअनुदानित खासगी शाळांना आहार मिळत नाही. म्हणजे निवड शाळेवरून होतेच. अमेरिकेतही तशी सोय आहे: ज्या शाळेत किमान 25 टक्के मुलांची नावं आपोआप लागतात, तिथे सगळ्यांना फुकट देता येतं. 2023 पर्यंत ही अट 40 टक्क्यांची होती. मला हा मार्ग मान्य आहे.

टेक्सासकर: कागदावर छान आहे. पण इथलं केंद्र सरकार त्या आपोआप लागलेल्या नावांच्या टक्क्यांना 1.6 ने गुणून पैसे देतं. 25 टक्केवाल्या शाळेला 40 टक्के जेवणांचेच पूर्ण पैसे मिळतात, बाकीच्यांचे अगदी किरकोळ. उरलेला खर्च शाळेने कुठून काढायचा? म्हणून पात्र असूनही कितीतरी शाळा यात उतरत नाहीत. तो गुणक वाढवा, मग मी तुमच्या बाजूने सही करतो.

हिशेबनीस: गुणक वाढवायला माझी ना नाही. माझ्या मुलीच्या जेवणाचे पैसे मात्र मी भरणार.