मदत हवी आहे: ट्रान्सप्लांटच्या आधी बाबांच्या आतड्यातले चिवट जंतू घालवायला मल प्रत्यारोपण?

नमस्कार मंडळी. विषय किळसवाणा आहे, जेवताना वाचू नका.

बाबा ६६ वर्षांचे. मायलोमा (रक्तपेशींचा कॅन्सर) आहे, केमोला छान प्रतिसाद दिला. आता पुण्यात ऑटोलोगस (स्वतःच्याच पेशींचं) बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलंय. भरती व्हायच्या आधी रेक्टल स्वॅब (गुदद्वारातला नमुना) घेतला, त्यात कार्बापेनेम या जबरी अँटिबायोटिक्सना दाद न देणारा क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला. ताप नाही, लघवी साफ, पोट ठीक. डॉक्टर म्हणाले, हे इन्फेक्शन नाही, बाबा फक्त वाहक आहेत. अँटिबायोटिक द्यायचं नाही. आई वैतागली, "जंतू आहेत म्हणता आणि औषध देत नाही, हा काय प्रकार?"

मला भीती पुढची आहे. ट्रान्सप्लांटच्या आधी देतात त्या मेल्फालान या केमोच्या मोठ्या डोसने आतड्याचं अस्तर सोलवटतं, त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर. आज गप्प बसलेला हा जंतू तेव्हा रक्तात उतरू शकतो.

अमेरिकेतल्या भावाने मल प्रत्यारोपणाचं काढलंय. निरोगी माणसाचे आतड्यातले जंतू रुग्णाला द्यायचे, म्हणजे चांगल्यांच्या गर्दीत वाईटांना जागाच उरत नाही. तो म्हणतो, "तिकडे २०२३ पासून गोळ्याच मिळतात!" त्या गोळ्या (व्हाउस्ट) क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जंतूचे जुलाब परत परत उलटू नयेत म्हणून आहेत. त्या आजारात हा उपाय खरंच जोरदार: ॲम्स्टरडॅमच्या २०१३च्या चाचणीत एकदाच केलेल्या मल प्रत्यारोपणाने १६ पैकी १३ जण बरे झाले, नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४.

पण बाबांचा प्रश्न वेगळा. पोलंडमध्ये वॉर्सात रक्ताच्या आजाराच्याच २० रुग्णांवर करून पाहिलं, महिन्याभराने १५ जणांच्या आतड्यातून असे जंतू गेले होते. वाचून हुरूप आला. मग कळलं की तिथे तुलनेला दुसरा गटच नव्हता. जिनिव्हा, पॅरिस, उट्रेख्त आणि तेल अवीव इथे मिळून झालेल्या चाचणीत तो होता: आधी पाच दिवस कोलिस्टिन आणि निओमायसिन ही अँटिबायोटिक्स, मग मल प्रत्यारोपण, असं केलेल्या २२ पैकी ९ जण स्वच्छ, काहीच न केलेल्या १७ पैकी ५. म्हणजे ४१ टक्के विरुद्ध २९. एवढ्याशा संख्येत हा फरक योगायोगानेही पडू शकतो.

इथे कुणाच्या घरी ट्रान्सप्लांटच्या आधी हे केलंय का? की थांबून स्वॅब आपोआप निगेटिव्ह व्हायची वाट पाहायची? मायलोमा तेवढा वेळ देईल का, हीही धास्ती आहेच. आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

– रेवा_पुणे

जुनी_प्रयोगशाळा: रेवाताई, मी मायक्रोबायॉलॉजीत नोकरी केली, उपचार करणारी डॉक्टर नाही. बाबांसाठी मी या वाटेला गेले नसते, आणि कारण यश कमी हे नाही. २०१९ साली अमेरिकेत दोन रुग्णांना मल प्रत्यारोपणातूनच ईएसबीएल ई. कोलाय (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा आतड्यातला जंतू) मिळाला, त्यातला एक दगावला. तो बोन मॅरो ट्रान्सप्लांटचाच रुग्ण होता. दात्याचा मल त्या जंतूसाठी तपासलेला नव्हता. आपल्याकडे तर ठणठणीत माणसांच्या पोटातही ईएसबीएल सर्रास सापडतो. दाता शोधणार कुठून? "मीच देते" असं घरच्यांनी म्हणायच्या आधी हे लक्षात घ्या. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनाही असे जंतू सरसकट घालवायला जाऊ नका असंच सांगतात.

विचारायचं ते हे: स्वॅबमधल्या जंतूला औषधाला दाद न देण्याची ताकद देणारा जीन कोणता, एनडीएम की ऑक्सा-४८? ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे अँटिबायोटिक चालू शकतं. एनडीएमवर ते एकटं पुरत नाही, जोडीला ॲझ्ट्रिओनॅम हे दुसरं अँटिबायोटिक लागतं. पेशी शून्यावर असताना ताप आला तर पहिल्याच तासात काय सुरू करायचं हे आधी फाइलवर लिहून ठेवायला सांगा. कल्चरची (रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीची) वाट बघण्यात दोन दिवस जातात, ते त्या वेळी परवडत नाहीत.

कोकणी_मामा: ताक, कांजी, प्रोबायोटिकची पावडर? आमच्याकडे पोटाला तेच.

जुनी_प्रयोगशाळा: मामा, एरवी खुशाल. पेशी शून्यावर असताना जिवंत जंतू पोटात घालायचे नाहीत. घरचं ताकसुद्धा तेव्हा बंद.

सदाशिव_पेठी: सासऱ्यांची किडनी बदलली तेव्हा त्यांचाही स्वॅब असाच होता. मल प्रत्यारोपणाचा विषय डॉक्टरांनी काढलाच नाही. स्वतंत्र खोली, आत येणाऱ्या प्रत्येकाला गाऊन-ग्लोव्ह्ज, वेगळं टॉयलेट. नातेवाईकांना राग आला, वाळीत टाकल्यासारखं वाटलं, पण निभावलं. काही महिन्यांनी स्वॅब आपोआप निगेटिव्ह आला. नंतर खोकल्यासाठी कुणीतरी अँटिबायोटिक दिलं आणि परत पॉझिटिव्ह! तेव्हा मधल्या काळात केमिस्टकडून परस्पर काही आणू नका.

रेवा_पुणे: सगळ्यांचे आभार. भावाला ही सगळी चर्चा पाठवली, तो जरा नरमलाय. जीनची तपासणी झालेलीच नाही असं आज फोनवर कळलं, उद्या नमुना जाईल. तापाच्या औषधाचं सोमवारी ओपीडीत लिहून घेते. ॲझ्ट्रिओनॅम हॉस्पिटलच्या फार्मसीत नसेल तर ते आधीच मागवून ठेवता येतं का, कुणाला अनुभव आहे?