नोकरी धरताना जीएसटी नोंदणीचंही बघा

फ्रीलान्सिंग सोडून नोकरी धरताना आपला तासाचा दर गुणिले महिन्याचे तास करून पगार मागू नये, असं मत इथे कुणीतरी मांडलंय, ते अगदी पटलं. त्या दरातूनच रिकामे महिने, स्वतःचा विमा, आजारपणात बुडालेले दिवस भरून काढायचे असतात.

पण जीएसटीचं कुणीच लिहिलं नाही. पुण्यात नोकरी धरली, बिलं थांबली, विषय संपला असं मी समजलो. तसं नसतं! नोंदणी रद्द होईपर्यंत शून्य उलाढालीचंही रिटर्न भरावं लागतं. चुकलं तर प्रत्येक रिटर्नला दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. रद्द झाल्यावरही ३ महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न उरतंच. मला आठ महिन्यांनी कळलं, फार मनस्ताप झाला. शेवटचं बिल दिलं की रद्द करण्याचा अर्ज लगेच टाका.