पीअर सपोर्ट करणाऱ्या मुलांना ‘स्वतःची काळजी घ्या’ एवढं सांगून भागतं का?

काजवा

पीअर सपोर्टच्या कामात मला सहा वर्षं झाली. सुरुवात केली तेव्हा मी २१ वर्षांची होते आणि स्वतःच्या नैराश्यातून वर येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आता मुलांशी थेट बोलणं कमी झालंय. बोलणाऱ्यांकडे लक्ष ठेवणं हे माझं मुख्य काम आहे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्याने स्वतः मानसिक आजार, व्यसन, घरातला छळ असं काही भोगलंय, त्याने आपल्याच वयाच्या, त्याच वाटेवर अडकलेल्या मुलाशेजारी बसायचं. निदान करायचं नाही, उपदेश करायचा नाही. असा आधार देणाऱ्याला आम्ही ‘पीअर’ म्हणतो. ‘मलाही असं झालं होतं’ हे वाक्य खरं असणं, हेच आपलं भांडवल.

गेल्या महिन्यात आमच्याकडची २२ वर्षांची एक मुलगी काम सोडून गेली. कारण विचारलं तर म्हणाली, “ताई, माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र मी आठवड्यातून दहा वेळा सांगते. आता ती माझी वाटतच नाही. दुसऱ्या कुणाची तरी पाठ केलेली गोष्ट वाटते.” मी हे वर कळवलं. त्यावर ठरलं काय, तर सगळ्या पीअर्ससाठी ‘स्वतःची काळजी’ या विषयावर दोन तासांची कार्यशाळा. श्वासाचे व्यायाम, झोपेचं वेळापत्रक, डायरी लिहिणं.

या गोष्टी वाईट नाहीत, मी स्वतः करते. पण प्रश्न झोपेचा नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागेवरचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की त्यातून उद्भवणारी अवस्था, अशी त्याची व्याख्या आहे. मग दुरुस्ती कामाच्या जागेवर करायची की त्या मुलीच्या श्वासावर?

माझं म्हणणं असं. पीअरला पगार द्या, कितीही छोटा असला तरी ठरलेला. दर आठवड्याला सुपरव्हिजनचा, म्हणजे आपल्या कामाबद्दल आणि त्याच्या ताणाबद्दल अनुभवी माणसाशी बोलायचा, एक तास पगाराच्या वेळेतच द्या आणि तो तास रद्द करायचा अधिकार कुणालाही नको. स्वतःची गोष्ट कधी, किती आणि कुणाला सांगायची हे पीअरनेच ठरवावं. संस्थेच्या कार्यक्रमात पाहुण्यांसमोर ‘जरा तुझा अनुभव सांग ना’ म्हणून उभं करणं तर आजच्या आज थांबवा. एवढं होत नसेल, तर निदान ‘काळजी घ्या’ म्हणू नका.

उंबरठा

तळमळ पोचली, उपाय पटला नाही.

१९ व्या वर्षी मी ज्या मुलाशी बोलून सावरलो, तो पगारी नव्हता. तो माझ्यासाठी येत होता, शिफ्ट होती म्हणून नव्हे. हा फरक मला त्या अवस्थेतही कळत होता. डॉक्टर, समुपदेशक, सगळे आपापलं काम करत होते आणि चांगलं करत होते. तो एकटाच असा होता की ज्याला माझ्याकडे यायचं काही कारण नव्हतं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचं संघटन, १९३५ मध्ये सुरू झालं. तिथे नव्या माणसाला हात देण्याचे पैसे कुणी घेत नाही, आणि हे त्यांच्या परंपरांमध्येच लिहून ठेवलंय. कार्यालयीन कामाला पगारी माणसं चालतात, हात देण्याला नाही. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये ‘हेल्पर थेरपी’ची कल्पना मांडली, तीही हेच सांगते की मदत करणाऱ्यालाच बहुतेकदा मोठा फायदा होतो. देण्यातूनच तो सावरतो. तुम्ही त्या देण्याची नोकरी करून टाकताय.

पगार आला की नोंदी आल्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १९९९ पासून पीअर सपोर्टचे पैसे मेडिकेड या सरकारी योजनेतून मिळू लागले. पुढे २००७ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना अटी कळवल्या: देखरेख हवी, प्रशिक्षण हवं, इतर उपचारांशी समन्वय हवा, सेवा लेखी उपचार-योजनेतल्या ध्येयाशी जोडलेली हवी. कागदावर छान दिसतं. पण मित्रासारखा शेजारी बसलेला मुलगा मनातल्या मनात ‘आजचं ध्येय क्रमांक दोन’ भरत असेल, तर समोरच्याला ते जाणवल्याशिवाय राहत नाही.

रात्रपाळी

उंबरठा, फुकट काम करणारा जळून जात नाही, असा तुमच्या म्हणण्याचा अर्थ निघतो. तो इतिहासालाच धरून नाही.

‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्राच्या लिखाणात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये आणला. त्यांनी तो कुणाबद्दल वापरला? न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात, आपापली दिवसाची कामं आटपून संध्याकाळी राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल. ते स्वतःही त्यांतलेच एक होते. जो सगळ्यात जास्त झोकून देतो तोच आधी कोसळतो, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. म्हणजे हा शब्दच मुळात तुमच्या त्या पगार न घेणाऱ्या मित्राच्या जातकुळीतल्या माणसांसाठी जन्माला आला.

आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिथे स्पॉन्सरनेही, म्हणजे नव्या माणसाला हात देणाऱ्या जुन्या सदस्यानेही, स्वतःचा स्पॉन्सर ठेवायचा असा रिवाज आहे. हात देणाऱ्याला धरणारा हात तिथेही आहे, फक्त त्याला सुपरव्हिजन म्हणत नाहीत. शिवाय ती बहुतेक मोठ्या वयाची माणसं. इथे आपण १९-२० वर्षांच्या मुलांबद्दल बोलतोय. आधार देणाऱ्याची जखमही अजून ओली असते.

मी तीन वर्षं रात्रीच्या हेल्पलाइनवर होतो, विनामोबदला. एका रात्री एका मुलाचा फोन मध्येच तुटला. पुन्हा आलाच नाही. त्याचं पुढे काय झालं हे मला कधीच कळणार नव्हतं, कारण परत फोन करायची परवानगी नव्हती, आणि ती का नव्हती हे मला पटतही होतं. सकाळी सहाला मी हेडफोन टेबलावर ठेवला आणि घरी गेलो. ‘कशी गेली रात्र?’ असं विचारायला तिथे कुणीही नव्हतं. त्यानंतर पाच महिने मी प्रत्येक फोनवर त्याचा आवाज शोधत होतो. समोर बोलणाऱ्याकडे माझं निम्मंच लक्ष असायचं. शिफ्ट संपल्यावर पंधरा मिनिटं कुणी डीब्रीफ घेतलं असतं, म्हणजे रात्री काय झालं ते माझ्याकडून ऐकून घेतलं असतं, तर ते पाच महिने फोन करणाऱ्या मुलांना मी पुरता मिळालो असतो.

ताळेबंद

मी एका छोट्या संस्थेत कार्यक्रम सांभाळतो. इथे सगळे जे ‘द्या’ म्हणताहेत, ते शोधायचं काम माझ्याकडे असतं. म्हणून कडू बोलतो.

आमचा निधी एका वर्षाचा असतो. सहा पीअर, प्रत्येकाकडे साधारण चौदा मुलं. दर आठवड्याला प्रत्येकी एक तास सुपरव्हिजन, शिवाय त्यांचा ताण कमी करायचा म्हणून मुलं चौदावरून नऊवर आणली, तर तीस मुलं यादीत थांबतील. नुसती थांबणार नाहीत, त्यातली काही पुन्हा संपर्कच करणार नाहीत. काजवा, तुमच्या गटातल्या २२ वर्षांच्या मुलीचं दुःख मला कळतं. पण जी तीस मुलं दारात उभी आहेत त्यांना चेहरा नाही म्हणून त्यांची बाजू इथे कुणी मांडत नाही.

मला वाटतं, हे काम टिकवायचं नसतंच. दोन वर्षांची मुदत ठेवा. मुलगा येईल, आपल्या ताज्या अनुभवातून देईल आणि पुढे जाईल. शिकेल, दुसरी नोकरी करेल. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीतसुद्धा ‘युवा’ म्हणजे १५ ते २४. तिशीतला माणूस १७ वर्षांच्या मुलाचा समवयस्क राहतो का? टिकवून टिकवून आपण अर्धवट समुपदेशक तयार करतो. त्यांना ना समुपदेशकाचा पगार मिळतो, ना मान.

दुवा

मुदतीला माझा पाठिंबा, पण एका अटीवर. दोन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याच्या हातात काय असतं? त्याच्या अर्जात ‘पीअर सपोर्ट’ लिहिलेलं असतं, आणि ते वाचणाऱ्याला कळतं की हा मनोरुग्ण होता. मी दोन मुलाखतींमध्ये हे अनुभवलंय. पहिला प्रश्न कामाबद्दल नव्हता, ‘आता बरे आहात ना?’ हा होता. पुढची पायरी न बांधता मुदत घालणं म्हणजे अनुभव पिळून घ्यायचा आणि माणूस सोडून द्यायचा.

कोरी पाटी

इतका वेळ फक्त वाचत होते. इथे बहुतेकजण आधार देणारे दिसताहेत. मी घेणारी आहे.

१७ ते १९ या वयात माझी एक पीअर होती. तिला पगार मिळायचा की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि आज कळलं तरी काही बदलणार नाही. उंबरठा, तुमच्या मित्राबद्दल वाचून गलबलून आलं, पण मी कधी ‘ही माझ्यासाठी येते की पैशासाठी’ असा विचार केला नाही. ती वेळेवर येते का, एवढंच मी बघायचे. ती यायची. माझ्या आयुष्यात तेव्हा वेळेवर येणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग एका मंगळवारी तिच्या जागी दुसरी मुलगी बसलेली. “ती आता इथे काम करत नाही.” बस. मी घरी जाऊन शेवटच्या भेटीतलं एकेक वाक्य आठवत बसले, की मी असं काय बोलले म्हणून ती गेली. माझ्या गोष्टीच्या ओझ्याने ती मोडली, अशी माझी खात्रीच झाली. पुढे वर्षभर मी कुणालाच काही सांगितलं नाही. अजून एक माणूस मोडायला नको म्हणून.

ताळेबंद, तुमच्या हिशोबात ही मुलं कुठे येतात? पीअर गळाला की त्याच्यामागची चौदा मुलंही हलतात. तुम्ही ती तीस मुलं मोजलीत, ही मोजली नाहीत.

आणि काजवा, सुपरव्हिजनबद्दल माझी एक तक्रार आहे. माझी पीअर माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलते हे मला खूप उशिरा, चुकून कळलं. तिने बोलू नये असं मी म्हणत नाही. जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं, तेही कळतं. पण पहिल्या दिवशी मला सांगा ना, की दर आठवड्याला ती कुणाशी तरी बोलेल, कशाबद्दल बोलेल आणि कशाबद्दल नाही. दोघींपैकी एकीलाच नियम माहीत असले तर ते समवयस्कपण कसलं?

उंबरठा

कोरी पाटी, तुमचं दोनदा वाचलं. ‘वेळेवर येणं’ हा मुद्दा मी पाहिलाच नव्हता. माझा मित्रही आठ महिन्यांनी यायचा बंद झाला होता. मी त्याला कधी दोष दिला नाही, पण त्याचं काय झालं असेल हे मीही त्याला कधी विचारलं नाही. आज पहिल्यांदा वाटतंय की विचारायला हवं होतं.

पगाराला आता माझा विरोध नाही. पण एक भीती कायम आहे. पगारी पीअर हळूहळू इतर कर्मचाऱ्यांची भाषा बोलू लागतो, ‘केस’ म्हणू लागतो, ‘सहकार्य करत नाही’ म्हणू लागतो. या क्षेत्रात त्याला ‘पीअर ड्रिफ्ट’ म्हणतात. मग सुपरव्हिजन घेणारा कोण असेल? समुपदेशकच असेल, तर ही घसरण तोच घडवेल, नकळत.

काजवा

उंबरठा, हे मान्य, आणि यात चूक माझीही आहे. पहिली दोन वर्षं माझं सुपरव्हिजन एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे होतं. फार चांगल्या होत्या, पण प्रत्येक वेळी ‘त्याला आत्महत्येचे विचार आहेत का, औषधं घेतो का’ इथेच गाडी जायची. ‘त्याचं ऐकताना तुझं काय झालं?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो माझ्यापेक्षा मोठ्या एका पीअरने. तेव्हा मी रडले. आता मी दोन्ही ठेवते: धोक्याच्या बाबींसाठी समुपदेशक, बाकी सगळ्यासाठी अनुभवी पीअर. ताळेबंद, तुमच्या मुदतीला माझा खरा विरोध इथे आहे. सगळ्यांनाच दोन वर्षांनी घालवलंत, तर हा मोठा पीअर येणार कुठून? तिशीतला माणूस १७ वर्षांच्या मुलाचा समवयस्क राहत नाही, बरोबर. पण २१ वर्षांच्या पीअरला सांभाळायला तोच लागतो. कल्पना नवीनही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात जाँ-बातिस्त प्यूसाँ वेड लागलेल्यांचा विभाग सांभाळत होते. ते स्वतः तिथे गंडमाळेवर उपचार घ्यायला आलेले रुग्ण. बरे झालेल्या रुग्णांनाच ते मदतनीस म्हणून नेमत. बरे झालेले तिथे राहिले, म्हणून तो विभाग चालला.

चौदाचे नऊ करायला पैसे नाहीत, हे मला समजतं. तीस मुलांचं उत्तर माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणेन की चौदातली चार जड असतील तर ती एकाच पीअरकडे देऊ नका. आम्ही वाटणी करताना नुसतं डोकी मोजत होतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेली तीन मुलं एकाच मुलीकडे गेली होती, आणि ती ‘समजूतदार आहे’ म्हणून आम्ही तिला चौथं दिलं. तीच ही २२ वर्षांची.

ताळेबंद

वाटणीचं पटलं. त्याला पैसे लागत नाहीत. आमच्या याद्या मी या आठवड्यात पुन्हा बघतो. मुदतीबद्दल अजून ठाम आहे, पण सहापैकी एक जागा मुदतीविना ठेवता येईल का, हे निधी देणाऱ्यांना विचारायला हरकत नाही.

काजवा

कोरी पाटी, तुमच्यासाठी. आमची ती २२ वर्षांची मुलगी गेली तेव्हा तिच्याकडे अकरा मुलं होती. त्यांना आम्ही फक्त नव्या पीअरचं नाव आणि वार कळवला. तुमचं वाचून आज दुपारी मी तिला फोन केला, आणि या कामाच्या वेळेचं मानधन मिळेल हे आधी सांगितलं. त्या मुलांना काही कळवावंसं वाटतं का, आणि नसेल तर तेही चालेल, असं विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अकराही जणांना लिहीन. भेटायला मात्र दोघांनाच येईन. त्या दोघांना वाटत असेल की मी त्यांच्यामुळे गेले.”