एडन मुंबई इलाख्यात होतं म्हणजे नक्की कसं? आणि तिथली तटबंदी कुणाची?

गडवाट_भटक्या
नमस्कार मंडळी, एक प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतोय. वासुदेव बळवंत फडके १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले हे शाळेपासून पाठ आहे, पण एडन कुठे हे कधी नकाशात बघितलंच नव्हतं. काल बघितलं तर थेट अरबस्तानाच्या खालच्या टोकाला, आजच्या येमेनमध्ये! आणि थोडं शोधल्यावर कळलं की ते म्हणे मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे ठाणे, कुलाबा, रत्नागिरी आणि मग एकदम एडन. हे कसं काय? इंग्रजांनी ते घेतलं कधी, कशासाठी, आणि तिथला कारभार खरंच मुंबईहून चालायचा का नुसता कागदावर? दुसरं म्हणजे मी गडकिल्ल्यांचा माणूस, जुन्या फोटोंमध्ये डोंगरधारेवरून तट गेलेला दिसतो तो इंग्रजांनी बांधला का आधीचा आहे? जाणकारांनी सविस्तर सांगा, लांबलं तरी चालेल.

कोळसेवाला
घेतलं १९ जानेवारी १८३९ ला. व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतर इंग्रजांनी जिंकलेला हा पहिला मुलूख, आणि जिंकला कुणी तर कंपनीच्या मुंबईच्या फौजेने. कारण काय दाखवलं, तर दर्या दौलत नावाचं मद्रासकडचं एक जहाज, कर्नाटकच्या नवाबाच्या घराण्यातल्या बेगमेच्या मालकीचं, वर इंग्रजी निशाण, ते १८३७ च्या सुरुवातीला एडनजवळ फुटलं आणि किनाऱ्यावरच्यांनी ते लुटलं, प्रवाशांना, त्यात बायकाही होत्या, नाही नाही ते भोगायला लागलं. मग मुंबई सरकारने इंडियन नेव्हीचा कॅप्टन हेन्स याला पाठवलं की १२,००० थेलर (तिकडे चालणारं चांदीचं नाणं) भरपाई मागा आणि जमलं तर बंदरच मागा.

आता ही भरपाई म्हणजे निमित्त हे शेंबडं पोरही सांगेल, खरी गोष्ट कोळशाची. १८३० च्या मार्चमध्ये ह्यू लिंडसे नावाची आगबोट मुंबईहून सुएझला निघाली, बोट मुंबईतच बांधलेली. तिच्या पोटात साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा आणि एडनपर्यंत लागणार अकरा दिवस, तर त्यांनी काय केलं, केबिनमध्ये कोळसा, डेकवर कोळसा, बसायला जागा नाही आणि बोट पाण्यात इतकी खोल गेलेली की बघणाऱ्याला वाटावं आता बुडते. एडनला पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक. तिथे भरायला गेले तर गावात माणसंच मिळेनात, भरण्यातच दिवस गेले. तेव्हापासून मुंबईच्या डोक्यात बसलं की अर्ध्या वाटेवर आपली हक्काची वखार पाहिजे. शिवाय इजिप्तचा मुहम्मद अली पाशा येमेनमध्ये पाय पसरत होता, तो आपल्याआधी तिथे बसायला नको हीपण घाई होतीच.

गडवाट_भटक्या
वा, म्हणजे कोळशासाठी अख्खं गाव. पण मग लढाई झाली का सुलतानाने विकलं? दोन्ही वाचलंय मी.

कोळसेवाला
दोन्ही झालं, म्हणून तर घोळ. एडनच्या मागे आतल्या बाजूला लहेज म्हणून मुलूख, तिथला सुलतान मुहसिन, एडन त्याच्याकडे. जानेवारी १८३८ मध्ये त्याने हेन्सला कागद दिला की वर्षाला ८,७०० थेलर द्या आणि बंदर घ्या. पण त्याच्या पोराला हा सौदा मान्य नव्हता, त्याने बेत आखला की हेन्सला भेटीला बोलवून पकडायचं आणि कागद काढून घ्यायचा. हेन्सला आधीच बातमी लागली, तो गेलाच नाही, मुंबईला परत. आणि पुढच्या वर्षी आला तो व्होलाज आणि क्रुझर या आरमारी जहाजांच्या मदतीने आणि सातशेच्या आसपास शिपाई घेऊन, त्यात मुंबईची २४ वी नेटिव्ह इन्फंट्रीपण. सिरा बेटावरच्या तोफा जहाजांनी गप्प केल्या आणि एका सकाळीत विषय संपला. तर सौदा कागदावर झालेला, पण ताबा तोफेने घेतला. आणि गंमत बघा, नंतर सुलतानाला तनखा चालूच ठेवला, महिन्याला ५४१ थेलर. हरलेल्याला पगार.

डेकवरचा_म्हातारा
तटबंदीबद्दल मी सांगतो, कारण मी ती पायी फिरलोय. मर्चंट नेव्हीत होतो, नव्वदच्या दशकात आमचं जहाज माला धक्क्याला बरेच दिवस अडकलं होतं, काम नाही, मग रोज उतरून भटकायचं.

आधी डोळ्यांसमोर जागा आणा. एडन म्हणजे विझलेला ज्वालामुखी, समुद्रात घुसलेला, आणि जमिनीला फक्त एका सपाट रेताड पट्टीने जोडलेला. जुनं गाव त्या ज्वालामुखीच्या वाटीत, म्हणून त्याला नावच क्रेटर. वाटीच्या कडेने शमसानचा काळा डोंगर, साडेपाचशे मीटर, झाड म्हणून नाही, दगड तर वहाणेचा तळ कापेल असा खरबरीत. वाटीत शिरायला जमिनीकडून एकच धड वाट, डोंगर चिरून काढलेली खिंड, मेन पास म्हणायचे तिला. दोन्ही बाजूला उभा कातळ, मध्ये दरवाजा, आणि पूर्वी वरून दोन्ही कड्यांना जोडणारी कमान होती, म्हणजे पहारेकरी डोक्यावरून चालणार. ती कमान साठच्या दशकात रस्ता रुंद करायला पाडली, मला बघायला नाही मिळाली, फोटोतच बघा. तिथे उभं राहिल्यावर मला तर आपला महादरवाजाच आठवला, एवढंच की इथे बुरूज निसर्गाने बांधलेले.

तेव्हा भटक्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तट आधीचाच. डोंगरधारेवर आणि त्या रेताड पट्टीवर जुनी भिंत होती, तुर्की भिंत म्हणतात. त्याही आधी, १५१३ ला, गावाच्या तटाने पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कला पळवून लावलं होतं, शिड्या माणसांच्या वजनाने मोडल्या म्हणून सांगतात. १५३८ ला तुर्क आले ते मात्र तटाला न भिडता, त्यांच्या सुलेमान पाशाने तिथल्या अमीराला जहाजावर बोलावून फाशी दिलं. इंग्रज आले तेव्हा सगळं ढासळलेलं, आणि गावात माणसं सगळी मिळून सहाशेच्या घरात, एकेकाळच्या एवढ्या मोठ्या बंदरात! सिऱ्यावर तुर्कांच्या काळातल्या प्रचंड पितळी तोफा पडलेल्या, त्यातली एक आज लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलीय.

पहिल्या दीड वर्षात अरब टोळ्या तीनदा चालून आल्या, नोव्हेंबर १८३९, मग मे आणि जुलै १८४०. पहिल्या वेळी पाचेक हजार माणूस होतं म्हणतात आणि ते सगळे त्या रेताड पट्टीवरूनच आले, दुसरीकडून यायला वाटच नाही. म्हणून इंग्रजांनी सगळा जोर तिथेच लावला. आधी घाईघाईने जुनी भिंत डागडुजी करून उभी केली, तोफा बसवल्या, मग वर्षानुवर्षं हळूहळू पक्कं काम, खिंडीचा दरवाजा, डोंगरातून बोगदा, समुद्राकडच्या टोकांवर तोफांचे मोर्चे. समुद्राकडून घेतलेलं बंदर, पण झोप उडाली ती जमिनीकडून. कामाला गवंडी, मजूर, हमाल लागणार, ते बोटीतून आपल्याकडूनच जायचे, कच्छ, मुंबईकडचे पुष्कळ.

तिकीटवेडा
कारभार मुंबईचा कागदावर नाही हो, अगदी खिशापर्यंत मुंबईचा. माझ्याकडे एक लिफाफा आहे, राणीचं डोकं असलेलं अर्ध्या आण्याचं निळं तिकीट, ईस्ट इंडिया छापलेलं, आणि वर शिक्का एडन कॅम्पचा. एडन कॅम्प म्हणजेच क्रेटर, आणि बोटी लागायच्या त्या बाजूचं पोस्ट स्टीमर पॉइंट. तिकीट आपलं, आणे आपले, रुपया आपला. १ एप्रिल १९३७ ला एडनला स्वतःची तिकिटं आली, त्यावर गलबताचं चित्र, तोपर्यंत भारताचीच. आणि रुपया तर त्यानंतरही चालला, १९५१ ला शिलिंग आलं.

कायदापण तसाच. १८६४ च्या मुंबईच्या कायद्याने तिथली कोर्टं चालायची, पीनल कोड आपलं, पोर्ट ट्रस्टचा कायदापण मुंबईनेच केला. १८५० ला बंदर जकातमुक्त केलं, त्याने तर आजूबाजूच्या बंदरांचा धंदाच एडनला ओढला गेला, लोकवस्ती सहाशेवरून वीसेक वर्षांत वीस हजारांच्या घरात. पारशी शेट, गुजराती बनिये, बोहरी, ज्यू, सोमाली, सगळे. कावसजी दिनशा यांची पेढी तर तिथली सगळ्यात मोठी, जहाजांना माल पुरवण्यापासून सगळं. पारशांची अग्यारी होती तिथे, आणि तिथला अग्नी १९७६ ला खास विमानाने मुंबईत आणून लोणावळ्याला नेला, तो तिथे आजही तेवतोय. एडनचा उरलेला मुंबई इलाखा म्हणजे आता तेवढाच.

रोखे_आणि_खोके
सगळे हेन्सचं नाव घेतायत पण त्याचं पुढे काय झालं ते कुणीच सांगत नाही, मी ऑडिटवाला म्हणून मला तेच लागलं. हा माणूस १८३९ पासून १८५४ पर्यंत, सलग पंधरा वर्षं, तिथला पोलिटिकल एजंट. राजकारण तोच, न्याय तोच, बंदर तोच, आणि खजिनाही तोच. टोळ्यांच्या शेखांना तनखे द्यायचे, बातम्या आणणाऱ्यांना पैसे द्यायचे (लहेजमधल्या बातम्या त्याला ज्यू लोकांकडून मिळायच्या, सुलतानाच्या दरबारातलं त्याला दोन दिवसांत कळायचं म्हणे), आता असल्या खर्चाची पावती कोण देणार? मुंबईकडे तो धड कारकून मागत राहिला, मुंबई देईना. आणि मग एक दिवस हिशेब तपासला तर खजिन्यात २८,००० पौंडांच्या आसपास तूट.

बोलावून घेतला मुंबईत, अफरातफरीचा खटला. ज्यूरीने दोनदा सोडला! पैसे खिशात घातले असं सिद्धच होईना. तरी सरकारने ती रक्कम त्याच्या नावावर देणं म्हणून दाखवली, आणि फेडता येत नाही म्हणून दिवाणी कैदेत, मुंबईच्या जेलात, सहा वर्षं. १८६० ला नवीन गव्हर्नर जॉर्ज क्लार्कने सोडलं, इंग्लंडच्या बोटीवर चढला आणि बोट मुंबई बंदरातून हलायच्या आत मेला, १६ जून १८६०. तिकडच्या टोळ्या मात्र एडनच्या लोकांना कितीतरी वर्षं 'हेन्सची लेकरं' म्हणायच्या. एवढं सगळं एका माणसावर टाकायचं, जोडीला कारकून द्यायचा नाही, आणि पंधरा वर्षांनी वही मागायची. त्याच्या पदावर पुढे जेम्स आउटराम आला, मग ब्रिगेडियर कॉगलान, म्हणजे पुढे लष्कर आणि मुलकी कारभार बऱ्याचदा एकाच खुर्चीत.

गडवाट_भटक्या
बापरे, हेन्सचं माहीतच नव्हतं. @डेकवरचा_म्हातारा काका, एवढा बंदोबस्त म्हणजे एडन अजिंक्यच की मग? गडावर आम्ही आधी टाकं बघतो, पाणी किती दिवस पुरेल ते. तिथे ज्वालामुखीत पाणी कुठलं?

डेकवरचा_म्हातारा
शाब्बास, बरोब्बर नस पकडलीत. पाणीच नव्हतं! म्हणजे विहिरी होत्या, पण एवढ्या फौजेला आणि बाजाराला काय पुरणार. डोंगराच्या घळीत एकाखाली एक अशी जुनी टाकी आहेत, तवीला टाकी, पाऊस आला की वरचं भरून खालच्यात, असं. ती दगडमातीत पार गाडली गेली होती, १८५० च्या दशकात प्लेफेअर नावाच्या तिथल्या असिस्टंटने उकरून काढली. मी त्यांच्या कठड्यावर उभा राहिलोय, आत चुन्याचा गिलावा अगदी गुळगुळीत, हात फिरवावासा वाटतो, आणि टाकं ठणठणीत कोरडं. एडनला पाऊस पडायचा तर एखाद्या दिवशी असा की रस्ते वाहून जातील, नाहीतर वर्षभर नाही. मग समुद्राचं पाणी उकळून गोडं करायची यंत्रं लावली, आणि दहाएक मैलांवरच्या शेख उस्मानहून दगडी पाटाने पाणी आणलं, लहेजच्या सुलतानाशी करार करून. पुढे १८८२ ला तो शेख उस्मानचा मुलूखच विकत घेतला.

पण तो मुलूख तटाच्या बाहेर! आणि ते १९१५ च्या जुलैमध्ये महागात पडलं. तुर्कांचा अली सैद पाशा वरून उतरला, लहेज घेतलं, आणि शेख उस्मानपर्यंत आला. झालं, पाणी बंद. त्या धांदलीत लहेजचा सुलतान, आपल्याच बाजूचा हो, त्यालाच अंधारात पहारेकऱ्यांची गोळी लागून तो गेला. शेवटी आणखी फौज आणून महिना संपायच्या आत शेख उस्मान परत घेतलं, पण लहेजमध्ये तुर्क महायुद्ध संपेपर्यंत बसून राहिले, हाकलताच आले नाहीत. तेव्हा अजिंक्य वगैरे ठीक आहे.

कोळसेवाला
आणि कागदावर मुंबईतून कधी सुटलं ते राहिलं बघा. १९१७ पासून हळूहळू राजकीय आणि लष्करी बाजू लंडनकडे, आतली दिवाणी-फौजदारी मात्र मुंबईकडेच. १९३२ ला मुंबईपासून काढून थेट दिल्लीखाली चीफ कमिशनर, आणि १ एप्रिल १९३७ ला ब्रिटिश वसाहत. म्हणजे तिकीटवेड्यांचं गलबत त्याच दिवशी सुटलं. इंग्रज गेले ते ३० नोव्हेंबर १९६७ ला.

गडवाट_भटक्या
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. एक शेवटचं, फडके तिथून पळाले होते ना? त्या खिंडीबद्दल वाचून आता ते वेगळंच दिसायला लागलंय.

डेकवरचा_म्हातारा
पळाले होते, कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून. पण काही वेळातच सापडले. आणि सापडणारच, बाहेर पडून जाणार कुठे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तीच रेताड पट्टी आणि तिच्यावर पहारा, त्यापुढे मैलोन्‌मैल वाळू, भाषा येत नाही, पाणी नाही. अरबांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून जी वाट चिमटीत धरली होती, तीच आतल्या माणसालाही सोडत नव्हती. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. मी तिथल्या एक-दोन टॅक्सीवाल्यांना जुना तुरुंग कुठे विचारलं होतं, त्यांनी मला कस्टम हाउसला नेऊन सोडलं.