पूर्णत्वाचा दाखला नसलेल्या इमारतीतील फ्लॅट घ्यावा का? (इंदिरानगर, नाशिक)

प्रश्न

नमस्कार. इंदिरानगर परिसरातील दोन बेडरूमचा एक पुनर्विक्रीचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला आहे. इमारत 2014 च्या सुमाराची असून विक्रेत्यांनी 46 लाख रुपये सांगितले आहेत. घर हवेशीर आहे आणि लिफ्ट असल्यामुळे सासूबाईंचीही सोय होईल. अडचण अशी की, इमारतीला महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र) मिळालेला नाही आणि बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरणही (मालकी सोसायटीच्या नावे करणे) करून दिलेले नाही. विक्रेत्यांचे म्हणणे असे की, दाखला केवळ कपाटांच्या प्रकरणामुळे अडकला आहे, शहरात अशा पुष्कळ इमारती आहेत, सोसायटी नोंदणीकृत आहे आणि बँक कर्ज द्यायला तयार आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही. इसार म्हणून 5 लाख रुपये याच आठवड्यात द्यावेत, असा त्यांचा आग्रह आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वास्तुविशारद, गंगापूर रोड)

विक्रेते सांगतात ते कारण खरे असू शकते, परंतु तेच एकमेव कारण आहे असे कागद पाहिल्याशिवाय मानू नये. जुन्या नियमांत कपाटासाठी दाखवलेली जागा ठरावीक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात (भूखंडावर परवानगी असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये) मोजली जात नसे. अनेक बांधकामांत ती जागा कपाटासाठी न ठेवता खोलीत मिळवून घेतली गेली, त्यामुळे प्रत्यक्ष बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त भरले आणि नाशिकमध्ये मोठ्या संख्येने इमारतींचे दाखले अडकले. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ही सवलतीची पद्धतच बदलली. आता असे क्षेत्र मोजणीत धरले जाते आणि निवासी इमारतीला अधिमूल्य (प्रीमियम) भरून 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे जोडीचे जादा, चटईक्षेत्र मिळू शकते. म्हणून दोष खरोखर कपाटांपुरताच असेल, तर तो नियमित होण्याची शक्यता तपासून पाहण्यासारखी आहे.

मात्र समासातील (इमारतीभोवती नियमाने सोडायच्या) मोकळ्या जागेत वाढवलेली खोली, पार्किंगमध्ये काढलेले दुकान किंवा गच्चीवर चढवलेले बांधकाम यांची गोष्ट निराळी असते. समासातील अंतर आणि पार्किंग यांच्या अटी पैसे भरून आपोआप सुटत नाहीत, आणि असे बांधकाम पाडावे लागण्याचा धोका कायम राहतो. इमारतीत एकाने केलेल्या अशा कामामुळे सर्वांचा दाखला अडकून पडतो, मग आपल्या फ्लॅटमध्ये काही वावगे नसले तरी त्याचा उपयोग होत नाही.

यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मिळवावी. सोसायटीकडे प्रत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो आणि त्याचे उत्तर देण्याची मुदत सर्वसाधारणपणे 30 दिवसांची आहे. नकाशा हातात आल्यावर एखाद्या वास्तुविशारदाला सोबत नेऊन केवळ फ्लॅट नव्हे, तर वाहनतळ, चारही बाजूंचे समास आणि गच्ची यांची मापे घ्यावीत. दाखला नाकारल्याचे पत्र किंवा त्रुटींची यादी महापालिकेने दिली असल्यास ती अवश्य मागावी, कारण खरे कारण त्या कागदावरच लिहिलेले असते.

उत्तर २ (एका गृहनिर्माण संस्थेचे माजी सचिव, पाथर्डी फाटा)

वरील सल्ल्यात सोसायटीच्या बाजूची थोडी भर घालतो. मागील काही वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते विक्रेत्यांमार्फत मागून वाचावीत. दाखल्यासाठी वर्गणी काढण्याचा विषय सभेत कधी आला का, किती सभासदांनी विरोध केला आणि बिल्डरशी काही पत्रव्यवहार झाला का, हे त्यांतून समजते. ज्या सोसायटीत हा विषय एकदाही निघालेला नाही, तेथे तो तुम्ही राहायला गेल्यावर आपोआप मार्गी लागेल अशी आशा ठेवू नये.

अभिहस्तांतरणासाठी बिल्डरची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे होण्याचा) अर्ज करू शकते. 2018 च्या शासन निर्णयानंतर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची महापालिकेची परवानगी) नसलेल्या इमारतींनाही स्वयंघोषणापत्र देऊन हा मार्ग खुला झाला आहे. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल, तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी मोठी ओढाताण होते.

घरपट्टी आणि पाणीपट्टीची ताजी देयके पाहून दर कोणता लावला आहे आणि शास्ती (दंड) आकारली आहे का, याची खात्री करावी. सदनिका नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते ते हस्तांतरणाचे अधिमूल्य महानगरपालिका क्षेत्रात 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'विकास निधी' असे नाव देऊन त्याहून अधिक रक्कम मागितल्यास लेखी आकारणी मागावी.

उत्तर ३ (दिवाणी वकील)

या आठवड्यात 5 लाख रुपये देऊ नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. बँक कर्ज देते याचा अर्थ बांधकाम नियमित आहे असा होत नाही. बँक आपल्या वसुलीची सुरक्षितता पाहते आणि घर अनियमित ठरल्यावरही हप्ते तुम्हालाच भरावे लागतात.

इसाराची रक्कम अल्प ठेवावी आणि ती केवळ लेखी कराराने द्यावी. त्या करारात मंजूर नकाशा, मूळ दस्तांची साखळी आणि सोसायटीची थकबाकी यांच्या पडताळणीसाठी मुदत असावी, आणि त्यांत गंभीर दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल अशी अट असावी. त्या मुदतीत मालमत्तेच्या मागील 30 वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल घ्यावा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी. विक्रेत्यांचे कर्ज बाकी असेल, तर त्यांच्या बँकेचे बाकी रकमेचे पत्र घेऊन तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी.

घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, याचाही विचार करावा. नोंदणी शुल्क 1 टक्का, परंतु कमाल 30,000 रुपये आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. इसार थांबवला असून नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज करत आहोत. दोष खरोखर कपाटांपुरताच निघाला, तर किंमत किती कमी करून मागावी?

उत्तर १ (वास्तुविशारद)

अंदाजाने आकडा सांगू नये. वाढीव क्षेत्र मोजले की प्रचलित वार्षिक बाजारमूल्य दरानुसार (रेडी रेकनर) संपूर्ण इमारतीच्या अधिमूल्याचा ढोबळ हिशेब काढता येतो, आणि त्यातला तुमच्या फ्लॅटचा वाटा, तसेच दंड व वास्तुविशारदाचे शुल्क, एवढी रक्कम तरी किमतीतून वजा व्हायला हवी. त्याशिवाय सर्व सभासद वर्गणी भरतीलच असे नसते, म्हणून त्या विलंबाचेही काही मूल्य धरावे. विक्रेते किंमत कमी करायला तयार नसतील, तर भविष्यात येणारी मागणी ते भरतील असा मोघम शब्द स्वीकारू नये. अंदाजित रक्कम खरेदीच्या मोबदल्यातून राखून ठेवावी आणि ती कोणत्या परिस्थितीत, किती काळानंतर त्यांना मिळेल, हे नोंदणीकृत दस्तातच लिहून घ्यावे.