जीटी८६ ला सुपरचार्जर: ०–१०० ची नवी वेळ आधी कशी काढायची?

बॉक्सरप्रेमी

माझी टोयोटा जीटी८६ आहे, २०१३ ची, सहा गिअरची मॅन्युअल, अजून पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी. कंपनीचा ०–१०० (ताशी किलोमीटर) चा आकडा ७.६ सेकंद. आता सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप) बसवायचा ठरवलाय. किट विकणारा म्हणतो, ताकद २०० अश्वशक्तीवरून २८० होईल. मी व्यस्त त्रैराशिक मांडलं: ७.६ गुणिले २००, भागिले २८०, उत्तर ५.४. हे धरून चालू का? टायर तेच ठेवणार आहे, २१५/४५ आर१७. अमेरिकेतल्या काही मालकांनी टाकलेल्या वेळाही याच्या जवळपास आहेत, म्हणून आशा वाटते.

क्लचप्लेट

५.४ येणार नाही, आणि त्याचं कारण इंजिनात नाही, मागच्या दोन टायरांत आहे.

तुमचं त्रैराशिक तेव्हाच लागू पडतं, जेव्हा शून्यापासून शंभरपर्यंत सगळी ताकद रस्त्यावर उतरते. तुमच्या गाडीत ती फक्त मागच्या चाकांतून उतरते. उभ्या गाडीत त्यांच्यावर साधारण ४७ टक्के भार असतो, वेग घेताना थोडा आणखी मागे सरकतो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २५७० मिलिमीटर, गुरुत्वमध्याची उंची ४६० मिलिमीटर, आणि टायरची पकड, म्हणजे घर्षणगुणांक, ०.९ धरली (कोरड्या डांबरावर, साध्या टायरसाठी हे ठीकच आहे), तर गाडीला जास्तीत जास्त ०.५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं) त्वरण मिळतं. या त्वरणाने सतत गेलात तरी १०० गाठायला ५.६ सेकंद हवेत. तेही एकदाही गिअर न बदलता. म्हणजे त्या टायरांवर १००० अश्वशक्ती घातली तरी ५.४ बाद.

मी वेळ तुकड्यांत मोडतो. आधी स्टॉक गाडी, कारण तिची वेळ माहीत आहे. ० ते ५० पकडीच्या मर्यादेवर: २.८ सेकंद. दोन गिअर बदल, प्रत्येकी ०.४ धरून ०.८. उरले ४.० सेकंद, त्यात गाडी ५० वरून १०० वर जाते. चालकासह वजन १३२० किलो धरलं तर या टप्प्यात गतिज ऊर्जा ३८२ किलोज्यूलने वाढते. भागा चारने: सरासरी ९५ किलोवॅट. इंजिनाची कमाल १४७ (म्हणजेच २०० अश्वशक्ती), म्हणजे चाकापर्यंत सरासरी ६५ टक्के पोचली. बाकीची गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमधल्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांतल्या) घर्षणात, हवेत, आणि इंजिन कमाल आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली असतानाच्या वेळात गेली. हा ६५ टक्क्यांचा गुणक मला फार मोलाचा वाटतो. तो तुमच्याच गाडीतून निघाला आहे, कुठल्या तक्त्यातून उचललेला नाही.

आता २८० अश्वशक्ती. तोच गुणक ठेवला तर चाकांवर सुमारे १३४ किलोवॅट. पण एवढी ताकद असल्यावर टायर ७४ च्या वेगापर्यंत मर्यादेवरच राहतात, तिथवर ४.२ सेकंद. पुढे १०० पर्यंत १.७. गिअर बदलांचे ०.८ आहेतच. बेरीज ६.७.

बॉक्सरप्रेमी

म्हणजे ८० अश्वशक्ती वाढवून एक सेकंदसुद्धा कमी होत नाही? किटचा एवढा खर्च करून हे ऐकायला जड जातंय. टायर बदलले तर?

क्लचप्लेट

तिथेच खरा फरक आहे. चांगल्या चिकट टायरांची पकड १.१ धरून हाच हिशेब करा. त्वरणाची मर्यादा ०.६४ जी होते. सुपरचार्जरसह ५.९ सेकंद. आणि हे बघा: स्टॉक इंजिनावर नुसते टायर बदलले तरी साधारण ७.० येतात. म्हणून आधी टायर घ्या, असं मी मनापासून सांगतो. गाडी वळणांवरही वेगळी वाटेल, ब्रेकही चांगले लागतील.

क्लच मात्र तपासून घ्या. पकड वाढली की घसरायचं काम टायरांऐवजी क्लच करू लागतो.

स्टॉपवॉच

अमेरिकेतल्या वेळांबद्दल. तिकडे ०–६० मैल मोजतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर. फरक साडेतीनचाच वाटतो, पण जीटी८६ मध्ये तो मोठा आहे. दुसऱ्या गिअरचं प्रमाण २.१८८, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं, चाकांजवळचं शेवटचं प्रमाण) ४.१, ७४०० आरपीएमला दुसऱ्यातच वेग ९७ पर्यंत जातो. ६० मैल दुसऱ्यात बसतात, १०० किलोमीटरला तिसरा टाकावा लागतो. शिवाय तिकडे बरेच जण पहिले ३० सेंटिमीटर मोजतच नाहीत, ड्रॅग स्ट्रिपची ती पद्धतच आहे. त्यात ०.३ सेकंद जातात. दोन्ही मिळून जवळजवळ पाऊण सेकंद सहज कमी दिसतो. तुलना करताना एवढं बघाच.

किटवाल्याचे २८० खरे की नाही, हे ०–१०० वरून कळणार नाही, कारण त्यात टायर आणि क्लचवरचा पाय मिसळलेला असतो. ४०२ मीटरच्या शेवटी वेग किती, ते बघा. अश्वशक्ती भागिले किलोतलं वजन, त्याचं घनमूळ, गुणिले २८९, की ताशी किलोमीटरमधला वेग मिळतो. स्टॉक गाडीला १५४ येतो, २८० ला १७२. सुरुवात बिघडली तरी हा वेग फारसा हलत नाही. १६३ च्या आसपास अडकलात तर चाळीसेक अश्वशक्ती कागदावरच आहेत.

आणि मोजणी बंद ट्रॅकवर, १० हर्ट्झच्या (सेकंदाला दहा वेळा नोंद घेणाऱ्या) जीपीएसने, दोन्ही दिशांना. एक टक्का उतारसुद्धा ०.२ सेकंद खोटे देतो.

बॉक्सरप्रेमी

दोघांचे आभार. किट थांबवलं. आधी टायर, मग स्टॉक इंजिनावर दोन्ही दिशांना चार-चार फेऱ्या, अर्धी टाकी ठेवून. ७.० आणि १५४ जुळतात का ते इथेच लिहितो.