घड्याळाच्या सेलमधली काळी पावडर कुठल्या खाणीतून येते? (सहावीचा प्रोजेक्ट, मदत हवी)

सईची_आई
नमस्कार मंडळी. लेकीला शाळेतून प्रोजेक्ट आलाय, घरातल्या दहा वस्तू घ्यायच्या आणि त्या कुठल्या खाणीतून येतात ते नकाशावर दाखवायचं. मला वाटलं सोपंय, सोनं कोळसा लोखंड लिहिलं आणि तिथेच अडकले. मग सासरे म्हणाले थांब, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा संपलेला सेल पक्कडीने फोडला, आता अख्खं टेबल काळं झालंय आणि मधे एक काळी कांडी निघाली. ही पावडर कोळशाची आहे का? आणि अजून काय काय लिहिता येईल? शक्यतो आपल्या महाराष्ट्रातलं सांगा, कारण मी बाजारातून महाराष्ट्राचाच नकाशा आणलाय. सोमवारी द्यायचाय.

तुमसरकर
ताई आधी हात धुवा, पोरीचे पण. त्या सेलमध्ये ओलसर लागते ते झिंक क्लोराईड असते, चामडीले चांगलं नाही. मधली कांडी कार्बनची, बाहेरचा डबा जस्ताचा, आणि ती काळी पावडर म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साईड, त्यात थोडा कार्बन मिसळलेला. जस्त राजस्थानातून, भीलवाडा जिल्ह्यात रामपुरा आगुचाची खाण आहे, पण मँगनीज तं आमच्या भंडारा जिल्ह्यातलं ना बाप्पा! तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग म्हणून गाव आहे, तिथल्या उघड्या खाणीतून सेलवाल्यांना लागते तसलं मँगनीज निघते. चिखला पण आमच्याच तालुक्यात. इंग्रजांनी १८९६ साली इकडे कंपनी काढली, १९६२ मध्ये सरकारची मँगनीज ओअर इंडिया झाली, आता नाव मॉयल, ऑफिस नागपूरला. आमची आजी खाणीवर ओर छाटायले जायची, चांगला दगड एकीकडे आणि मुरूम एकीकडे, दिवसभर हातोडी. संध्याकाळी तिचे हात कसे दिसायचे ते तुम्हाले आज टेबल पाहून समजलंच असंन.

आणि मँगनीज म्हटलं की लोकांना फक्त सेल आठवते पण त्यातला लहानसा वाटा तिकडे जातो, बाकी सगळं स्टीलमध्ये. लोखंडात गंधक राहिलं की तापवून ठोकताना, लाटताना त्याले भेगा पडतात, मँगनीज त्या गंधकाला धरून ठेवते म्हणून टनामागे आठ-दहा किलो टाकावंच लागते. म्हणजे तुमच्या घराच्या स्लॅबमधली सळई, जिन्याचं ग्रिल, दाराची कडी, सगळ्यात आमचं गाव थोडंथोडं आहे. नकाशावर भंडारा मोठा काढा 😄

नीलाक्षी_क
वा तुमसरकर, सेल आयुष्यभर टाकले पण हे माहीत नव्हतं.

सईच्या आई, तुम्ही स्वयंपाकघर आणि देवघर सोडून सगळीकडे शोधताय. रांगोळी घ्या की! पांढरी रांगोळी म्हणजे शिरगोळ्याचा दगड दळलेला, आमच्या लहानपणी शिरगोळे विकायला यायचे आणि आई घरीच कुटायची. कुंडीला लावतो तो गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजासारखीच माती. टाल्कम पावडर म्हणजे शंखजिरे. सईच्या शाळेतला खडू, तो जिप्समचा. टूथपेस्टमध्ये चुनखडीची भुकटी. लिपस्टिक किंवा आयशॅडो चमकते ना, ते अभ्रक, झारखंडमध्ये कोडरमा गिरिडीहकडे लहान लहान पोरं ते वेचतात हे वाचल्यापासून मी चमकवाली घेताना दोनदा विचार करते, घेत नाही असं नाही, खोटं कशाला बोलू. जुन्या इस्त्रीत एलिमेंटला पण अभ्रकाचे पापुद्रे असायचे.

आणि सगळ्यात भारी वस्तू सांगू का, उपासाचं सैंधव! साधं मीठ बहुतेक गुजरातच्या मिठागरातून येतं, ते समुद्राचं. पण सैंधव खाणीतलं, आणि ती खाण पाकिस्तानात, पंजाबातल्या खेवड्याला. २०१९ मध्ये तिकडच्या मालावर २०० टक्के ड्युटी लागली आणि २०२५ च्या मे महिन्यात आयातच बंद झाली. एकादशीला कोण कुठलं मीठ खातंय बघा.

कोळशाचा_चंद्रपूरकर
सगळे वस्तू वस्तू करून राहिले, पण ज्या लाईटखाली प्रोजेक्ट करताय ते राहिलंच की. साधा हिशोब आहे, कोळशावरच्या एका युनिटला ७०० ग्रॅमच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. ताई तुमचं बिल काढा, महिन्याला १५० युनिट असेल तर क्विंटलभर कोळसा झाला. पोतं दिसत नाही म्हणून कळत नाही, दारात आणून टाकलं असतं तर सगळ्यांनी पंखे बंद केले असते.

आमचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. मुंबई-पुण्याला लाईट गेले की बातमी होते, आमच्याकडे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते त्याची बातमी होत नाही. वेकोलिच्या, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीच्या, खाणीचे ओबीचे ढिगारे, म्हणजे कोळशाच्या वरची जी माती दगड काढून टाकतात ते, आता असे डोंगर झालेत की त्यावर बाभळी वाढल्या आणि वाघ येऊन राहतात. पूर्वी दुपारी ब्लास्टिंग झालं की आमच्या घरची भांडी वाजायची, पाहुणे घाबरायचे, आम्ही जेवत राहायचो.

सिमेंट पण लिहा. चुनखडी आमच्याच जिल्ह्यातली, गडचांदूर, कोरपना. आणि कोळसा जळून जी राख उरते तीच परत सिमेंटमध्ये नि विटांमध्ये घालतात, आपल्या कोळशात राख ३०-४० टक्के, टाकणार कुठं?

खडूस_काका
@कोळशाचा_चंद्रपूरकर हिशोब बरोबर पण सगळी वीज कोळशाची नाही, कोयनेचे १९६० मेगावॅट विसरू नका. देशात मात्र अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास कोळसाच आहे हे मान्य.

तुमच्या हिशोबात एक भर घालतो. सईला घरातला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर घ्यायला सांगा. अ‍ॅल्युमिनियम बॉक्साइटपासून, ते कोल्हापूरकडे राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, मिळतं. साधारण चार किलो बॉक्साइटमागे एक किलो अ‍ॅल्युमिनियम, आणि त्या एका किलोला १४-१५ युनिट वीज. आपल्याकडचे अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने चालतात कोळशाच्या विजेवर. म्हणजे दोन किलोच्या कुकरच्या पोटात वीसेक किलो कोळसा आहे. तोच जुना कुकर मोडीत देऊन वितळवला तर विसाव्या हिश्शाएवढीच ऊर्जा लागते, म्हणून तर मोडवाला अ‍ॅल्युमिनियमला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव देतो, त्याला आपली भांडी आवडतात म्हणून नव्हे.

ऋत्विक_०७
मोबाईल पण टाका. बॅटरीतलं कोबाल्ट, जगातलं बहुतेक काँगोतून येतं. लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीतून. माझ्या मते हे सगळं मायनिंगच बंद करायला पाहिजे, निसर्गाची वाट लागलीये.

डिचोलीकार
ऋत्विक बाबा, आमच्याकडे एकदा नाही दोनदा बंद झालं. गोव्यात २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने थांबवलं, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी. पुढे परत सुरू झालं, आणि २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून काम ठप्प. माझ्या भावाने कर्ज काढून ट्रक घेतला होता, तो अंगणात उभा राहून गंजला, हप्ते मात्र चालू. गंमत म्हणजे लोखंडाचाच ट्रक लोखंडाच्या खाणीसाठी.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल ट्रकवाला बोलतोय. खाण जोरात होती तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी आटलं, कारण खड्डा विहिरीच्या तळापेक्षा खोल गेला आणि त्यातलं पाणी रात्रंदिवस उपसून ओढ्यात सोडायचे. शेतात लाल गाळ. आईची कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, होती खाली, सुपारीची पानंसुद्धा लाल दिसायची. बंदीनंतर दोन-तीन पावसाळ्यांत पानं हिरवी झाली नि घरात पैसा नाही. आई खूश, भाऊ रडतोय, एकाच घरात.

आणि तुमच्या प्रोजेक्टसाठी एक पॉइंट, आमचं लोखंड आमच्या तव्यात कधी आलंच नाही. हलक्या प्रतीचं ओअर, मांडवीतून बार्जने मुरगाव बंदरात आणि तिथून बहुतेक सगळं चीनला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधी तर दिवसरात्र ट्रकांची रांग, रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसांना पंधरा मिनिटं लागायची.

ऋत्विक_०७
ओके दादा, मी फोनवरूनच लिहिलं होतं ते 😅

तुमसरकर
डिचोलीकार भाऊ, विहिरीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं पण खाण बंद करा म्हणणारा कोणी नाही, अन् पोरगं खाणीत लागावं म्हणणारा पण कमीच राहिला. ताई, दहा झाले का पण?

सईची_आई
दहा? सतरा झाले. सगळ्यांचे मनापासून आभार, चंद्रपूरकर दादा, बिल काढलं, १८२ युनिट आहे, सासऱ्यांनी लगेच उठून हॉलमधला पंखा बंद केला आणि पाच मिनिटांनी स्वतःच परत लावला.

सेलची पावडर पारदर्शक पुडीत भरून भंडाऱ्यावर लावलीय, रांगोळी, गेरू, खडू, सळईचा तुकडा, जुन्या कुकरचं झाकण नकाशाला पेलेना म्हणून फक्त शिट्टी कोल्हापूरवर. काँगोसाठी बाण काढलाय. डिचोलीकार दादांच्या सांगण्यावरून गोव्यावर काहीच चिकटवलं नाही, नुसती लाल रेघ समुद्राकडे नेलीय, ती कल्पना सईची.

घोळ सैंधवाचा झाला. महाराष्ट्राच्या नकाशात खेवडा मावणार कसा, मग तिने अंदाजाने वर अंतर मोजलं आणि मिठाची पुडी कार्डशीटच्या बाहेर थेट डायनिंग टेबलालाच फेविकॉलने चिकटवून टाकली. प्रोजेक्ट सोमवारी शाळेत जाईल, सैंधव घरीच राहणार बहुतेक.